हिशेबाला माणूस
भाजणीचा खमंग वास आला की इंग्लंडमधल्या स्लाऊ गावातली एक शनिवारची सकाळ आठवते. घरातून चालणारा माझा फराळाचा बिझनेस वाढला होता आणि अकाउंट्स बघायला कोणीतरी हवं होतं. नवऱ्याने आपल्या अकाउंटंट मित्राला बोलावलं. "वहिनी, तुम्ही निवांत चकल्या करा, हिशेबाचं आम्ही दोघं बघतो," मित्र हसत म्हणाला. मला बसवेना, मी उगाच किचनमध्ये जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा पुसत राहिले. तो गेल्यावर याच कामासाठी जवळच्या रीडिंग गावाहून एक मराठी अकाउंटंट बाई आल्या. नवरा त्यांनाही ऑर्डरी, टॅक्स सगळं समजावू लागला. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पण बिझनेस कोणाचा आहे?" "आमचाच की," नवरा म्हणाला. "माझा आहे," मी म्हटलं, "आणि मला तुम्हीच हव्यात." नवरा चहाचे कप उचलून आत गेला. दुपारभर मी घरात येरझारा घालत होते. संध्याकाळी त्यानेच मित्राला फोन लावला, "नाही रे, तिने ठरवलंय दुसरं कोणीतरी." आता आमचं घराबाहेर फराळाचं स्वतंत्र युनिट आहे, अकाउंट्स त्याच बाई बघतात, पण 'माझा' म्हणताना छाती अजून धडधडते.