फळीची खालची बाजू

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा खालच्या खोल्या आम्हाला आल्या आणि माळा धाकट्या दिरांना. मधली फळी कुणाची, हे कुणी विचारलं नाही. पंचांनी चहा घेतला आणि उठले.

माळ्यावर थेट पत्रा आहे. पत्रा तापला की माळा तापतो आणि फळ्यांच्या फटींतून ती धग आमच्या खोलीत उतरते. धडधाकट माणूस ती सोसतो, किंवा बाहेर जाऊन बसतो. माझा नवरा अर्धांगाच्या झटक्यापासून त्याच खोलीत पडून आहे. गेल्या मे महिन्यात त्यांचं अंग इतकं तापलं की शुद्ध गेली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर निभावणार नाही." मी एसी बसवला. तो दिवसभर घरघरायचा आणि गारवा फटींतून वर जायचा.

फटी वरून बुजवणं सोपं होतं. पण वर दिरांच्या गुळाच्या ढेपा होत्या. गडमुडशिंगीच्या रानातल्या उसाचा गूळ गुऱ्हाळावरून आणून ते माळ्यावर रचून ठेवतात आणि दर चढला की विकतात. ढेपा हलवायच्या नाहीत, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"मग मी खालनं करून घेते," मी म्हटलं.

"तुळईला खिळा मारायचा न्हाय, वहिनी. तुळई माळ्याची हाय."

"आणि फळी?"

"फळी बी माझीच की. पाय माझं पडत्यात तिच्यावर."

"खालची बाजू तर माझी? तिच्याकडं बघत तुमचा भाऊ दिवस काढतोय."

यावर जाऊबाई जिन्यातूनच ओरडल्या, "बघू दे की! बघायला कुणी पैसं मागितल्यात व्हय!"

मग सीलिंगचं काम करणारे चाचा आले. त्यांनी तुळईला हात न लावता भिंतीपासून भिंतीपर्यंत पत्र्याचे चॅनल टाकले, त्यांवर थर्माकोलचे जाड तक्ते बसवले आणि खालून पांढरे बोर्ड मारले. "ताई, खोलीचा फ्रीज करून दिलाय बघा," ते म्हणाले. पंखा तुळईला होता, तो उतरवावा लागला. खोली बुटकी झाली, पण गार झाली. एप्रिलभर हे दुपारी शांत झोपले. मी त्यांच्या उशाशी मशीनवर ब्लाउज शिवत बसायचे आणि मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटायचे.

मे महिन्यात पलंगाच्या बरोबर वर बोर्डावर एक तपकिरी डाग उमटला. मला वाटलं, वर पाणी सांडलं असेल. दुसऱ्या दिवशी डाग परातीएवढा झाला आणि त्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागली. बोर्डाला बोट लावून पाहिलं तर चिकट. चाटून पाहायची गरज नव्हती, खोलीभर वास येत होता.

जी धग इतकी वर्षं आमच्याकडे उतरायची, ती आता माळ्यावरच कोंडली होती. शिवाय आमच्या एसीचा गारवा गेल्या वर्षी त्यांच्या गुळालाही मिळत होता, तो यंदा बंद झाला. ढेपांचा खालचा थर पाझरला, फटींतून थर्माकोलवर आला आणि सांध्यातून खाली.

पलंगाचे पाय मी पाण्याच्या वाट्यांत ठेवले. पण मुंग्या पायांवरून येत नव्हत्या, वरून पडत होत्या. ह्यांच्या मानेवर, कानात, लुळ्या हातावर. चांगला हात त्यांनी उचलायचा प्रयत्न केला, तो गळ्यापर्यंत येऊन थांबला. मशीन सोडून मी मुंग्या वेचत बसले.

संध्याकाळी दीर खाली आले. वाटणीनंतर पहिल्यांदाच आमच्या खोलीत आले होते.

"सीलिंग काढा, वहिनी. माझा गूळ गेला."

"तुम्ही गूळ काढा. माणूस जायची वेळ आलीय."

"निघंना झालाय! फळीला बसलाय. ओढलं तर हातात काकवी येतीय नुसती."

आमच्याकडे भांडण अडलं की थोरल्याचा शब्द शेवटचा. सवयीने आम्ही दोघंही पलंगाकडे वळलो. दीर वाकून म्हणाले, "दादा, सीलिंग काढायचं न्हवं?"

हे म्हणाले, "बरं."

मी म्हटलं, "अहो, काढलं तर पुन्हा अंग तापेल. राहू दे ना?"

"बरं," हे म्हणाले.

झटक्यानंतर त्यांना तेवढाच शब्द येतो. त्यात काय आहे ते मलाही कळत नाही, आणि मी तर दिवसभर जवळ असते.  दिरांनी वाकूनच भावाच्या भुवईवरची एक मुंगी चिमटीत धरून काढली. "च्यायला," ते स्वतःशीच म्हणाले.

पलंग सरकवला असता, पण खोलीच तेवढी. चाचांना फोन करून बोलावलं. त्यांनी पलंगावरचे बोर्ड आणि तक्ते उतरवले. त्याबरोबर कोंडलेली धग अंगावर आली, गुळाच्या वासासकट. दिरांनी वरून फळी खरवडली, मी खालून फडक्याने पुसली. एकाच फळीच्या दोन बाजू आम्ही पुसत होतो आणि दोघांनाही ठाऊक होतं की उन्हं वाढली की गूळ पुन्हा पाझरणार.

आता ते भगदाड उघडंच आहे. मुंग्या कमी झाल्यात. एसी सोळावर लावला तरी खोली गार होत नाही. दर अर्ध्या तासाने मी ह्यांच्या कपाळाला हात लावते आणि दीर वरून विचारतात, "कसं हाय अंग?"

"कोमट," मी सांगते. मे अर्धा उरलाय.