आतोबा बसतात तेव्हा

माझे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, यांच्याइतका अस्वस्थ माणूस उभ्या ग्वाल्हेरात दुसरा सापडायचा नाही. महाराज बाड्यावरचे टेम्पोसुद्धा सवाऱ्या भरेपर्यंत घटकाभर एका जागी थांबतात. आतोबा तेवढंही थांबत नाहीत. जन्मभर त्यांनी फिरतीची सरकारी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर सरकारनं नोकरी काढून घेतली, पण फिरती काढून घेणं काही सरकारला जमलं नाही. जेवायला बसले की त्यांचा वरणभात टेबलाशी होतो, पोळी खिडकीत आणि ताकभात जिन्याच्या तोंडाशी. टीव्हीवरची मॅच ते दारात उभं राहून बघतात, तीही एक पाय बाहेर ठेवून. खासगी बाजार नावाच्या पेठेत बांगड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घर आहे. खाली दूधवाल्यानं घंटी वाजवली, भाजीवाल्यानं हाक मारली, नुसती कोणाची चप्पल वाजली, की आतोबा जिन्यात. दूध घ्यायला जातात ते आपलं घेऊन थांबत नाहीत, शेजारच्यांचंही घेऊन येतात, कारण तेवढीच आणखी एक कडी वाजवायची सोय होते.

त्यांचा बाड्याजवळचा न्हावी त्यांची दाढी एका बैठकीत कधी करूच शकलेला नाही. एकदा अर्ध्या गालाला साबण असताना आतोबांना समोरच्या दुकानाशी गर्दी दिसली. काय झालं ते बघायला म्हणून ते उठले, तिथून कोणाबरोबर तरी मोरारला गेले, आणि परत आले तेव्हा गालावरचा साबण वाळला होता आणि न्हावी जेवायला गेला होता. आगगाडीत तर ते बसतात असं म्हणणंच चूक आहे. प्रत्येक स्टेशनावर उतरून प्लॅटफॉर्म पाहून यायलाच हवा. झाशीला एका लग्नाला जाताना दतियाला ते असेच उतरले आणि गाडी सुटली. आत्या एकटीच झाशीला उतरली. घ्यायला आलेल्या मंडळींनी विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "ते मागच्या गाडीनं येताहेत. दतियाचं स्टेशन बघायचं राहिलं होतं त्यांचं." आमच्या घराण्यातल्या झाडून साऱ्या लग्नांच्या अल्बमांत आतोबा आहेत, पण कुठे नुसतं कोपर, कुठे पाठ, कुठे चौकटीबाहेर निघालेला एक बूट.

आणि हाच माणूस पाण्याकाठी गळ टाकून बसला की त्याचा दगड होतो.

तिघऱ्याच्या वाटेवर, गाव मागे पडलं की एक तलाव लागतो. तिथे बाभळीखाली आतोबांची ठरलेली जागा आहे. दर रविवारी मी थाटीपुरहून स्कूटी घेऊन त्यांना न्यायला येते, कारण त्यांची स्वतःची स्कूटर आत्यानं कधीच विकायला लावली. वाटेत सिग्नल लाल झाला की हे मागच्या सीटवरून उतरतात. "तू ये बेटा, मी पुढे मिळतो," म्हणतात आणि पुढच्या चौकात माझी वाट बघत, वर मलाच घड्याळ दाखवत उभे असतात. पण तलाव आला की तो सगळा चुळबुळेपणा चपलांबरोबर काठावर उतरतो. मांडी घालतात, मोराच्या पिसाच्या देठाचा तुकडा पाण्यावर तरंगत सोडतात, आणि त्या तुकड्यावर जी नजर लावतात ती दुपार होईपर्यंत काढत नाहीत. चतुर त्यांच्या टोपीवर येऊन बसतात. एक बगळा तर त्यांना आपल्याच धंद्यातलं समजून शेजारी उभा राहतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी घाबरून त्यांना हलवून बघितलं होतं.

आता यातली गंमत अशी की आमचं घराणं कट्टर शाकाहारी. कांदा चातुर्मासात वर्ज्य, आणि मासा तर बोलण्यातसुद्धा वर्ज्य. आतोबांनीही जन्मात मासा तोंडात घातलेला नाही. पकडतात, दोन्ही हातांवर धरून जरा वेळ बघतात, ओल्या हातांनीच नमस्कार करतात आणि पाण्यात सोडून देतात. त्याला इजा नको म्हणून गळाचा उलटा दात त्यांनी कानशीनं घासून सपाट केलाय. तलावाच्या ठेकेदाराला पहिली काही वर्षं हे वेड असल्याची खात्रीच होती. एकदा त्यानं न राहवून विचारलं, "बाबूजी, छोड़नी ही थी तो पकड़ी काहे को?" आतोबा म्हणाले, "भैया, मिलना था. मिल लिए." त्या दिवसापासून तो यांना चहा पाजतो.

आमिषातसुद्धा सोवळं. गांडूळ लावायचं नाही, माशांना मांसाहार घडवायचं पाप नको. त्यांच्या मते रोहू हा मुळात आपल्यातलाच मासा: पालापाचोळा, शेवाळ, कणीक खाणारा, पोटभर जेवून संथ फिरणारा. तेव्हा त्याच्यासाठी सगळा स्वयंपाक घरात, आत्याच्या परातीत. थंडीत मासा सुस्तावतो म्हणून मोहरीची पेंड आणि सणसणीत हिंग. ऊन तापू लागलं की सातूच्या पिठात गूळ, वेलदोडा आणि हाताला लागेल इतकं तूप. असे गोड गोळे एकदा ताटलीत वळून ठेवलेले होते आणि नेमकी त्याच दिवशी मला बघायला मंडळी आली. आत्या चहाचं बघत होती, मी साडीच्या निऱ्या बघत होते आणि ताटली आपोआप बाहेर गेली. मुलाच्या वडिलांनी दोन लाडू खाल्ले आणि म्हणाले, "वा, असे जुन्या पद्धतीचे आता कुठे मिळतात!" ते गृहस्थ आज माझे सासरे आहेत, आणि त्यांना हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

हवेचा अंदाज सारं गाव मोबाइलवर बघतं, आतोबा माशांवरून सांगतात. उन्हाळ्यात लू वाहू लागली की रोहू तळाशी जातो, तेव्हा उजाडताच गाठायचा. भाद्रपदात पाणी गढूळ असतं, म्हणून काठालगत गळ टाकायचा. पश्चिमेचा वारा सुटला तर आमिषाचा डबा उघडायचादेखील नाही, नुसतं बसून यायचं. आणि पौषातल्या धुक्यात, जेव्हा ग्वाल्हेरात स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही, तेव्हा पीस कसं दिसणार? त्यासाठी त्यांनी आत्याच्या तुटक्या पैंजणातलं एक घुंगरू घेतलं आणि गळाच्या दोरीला बांधलं. मासा लागला की ते वाजतं. धुक्यात ते घुंगरू ऐकत बसलेल्या आतोबांच्या शेजारी मी कितीतरी सकाळी कुडकुडत काढल्या आहेत. घुंगरू जरा किणकिणलं की मी ओरडायचे, "ओढा! ओढा ना!" तशी ते पंजा वर करून मला थांबवायचे. "घाई नको. पहिल्यांदा तो नुसतं चाखून बघतो. तेव्हा ओढलं तर गेला. बसायचं." हे 'बसायचं' त्यांच्या तोंडून ऐकताना मला संताप यायचा. सबंध आठवडा माणसाच्या पायाला भिंगरी, आणि इथे मला बसायला शिकवतात!

संताप माझा, पण दुःख आत्याचं. ती बोलण्यात कधी कमी पडली नाही, पण या एका गोष्टीवर बोलताना तिचा आवाज उतरायचा. "लग्न होऊन इतकी वर्षं झाली," ती म्हणायची, "माझ्याजवळ कधी धड बसले नाहीत. मी ताप येऊन पडली तरी औषध आणतात, सफरचंद आणतात, डॉक्टर आणतात, पण बसत नाहीत. मी जर मासा असती ना, तर दिवसभर बसले असते." आम्ही हसायचो. आतोबाही हसायचे आणि हसता हसता जिन्यात जायचे.

गेल्या कार्तिकात एका सकाळी दूधवाल्याची घंटी वाजली, आतोबा खाली गेले, आपलं दूध घेतलं, शेजारच्यांचं घेतलं, त्यांच्या दारात घटकाभर बोलले, आणि वर आले तेव्हा आत्या ओट्याशी पडलेली होती. उजवी बाजू गेली होती, बोलणंही. दवाखान्यात मी पोचले तेव्हा ते लांबलचक व्हरांड्यात येरझारा घालत होते. मला बघून म्हणाले, "मी घरातच होतो बेटा. बस, खाली दूध घ्यायला गेलो होतो." तो सगळा दिवस ते हेच सांगत राहिले, मला, नर्सला, लिफ्टवाल्याला. तिच्या खोलीत जायचे, पलंगाला हात लावायचे आणि बाहेर यायचे. त्या व्हरांड्यात मला त्यांचा राग आला आणि तितकीच कीवही आली.

आत्या घरी आली. जीव वाचला होता, पण उजवा हात चादरीवर ठेवाल तिथे पडून राहायचा. व्यायाम घ्यायला एक तरुण मुलगी यायची. ती म्हणाली, "अंकल, हाथ में हलचल आ भी सकती है, नहीं भी. रोज़ कसरत कराइए और देखते रहिए. शुरू में बहुत हल्की होगी, पता भी नहीं चलेगी." म्हणजे आत्याचा हात परत येणार की नाही, ते कोणीतरी जवळ बसून बघायला हवं होतं. मी मनात म्हटलं, झालं, हे काम आता माझ्याच गळ्यात पडणार. आतोबा त्या मुलीला पोचवायला म्हणून जिन्यात गेले होते आणि बराच वेळ आले नाहीत.

पुढच्या रविवारी मी गेले तर आत्याच्या उजव्या हाताच्या बोटाला नायलॉनची दोरी, दोरीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला, आणि मध्ये ते घुंगरू. पलंगाजवळ सतरंजीवर मांडी घालून आतोबा.

"आतोबा, हा काय तमाशा मांडलाय?" मी म्हटलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "कोहऱ्यात काय करतो आपण? पीस दिसत नाही, मग घुंगरू लावतो. आता हिच्या हाताचं काही दिसत नाही बेटा."

मी आत्याकडे पाहिलं. ती उशीवरून त्यांच्याकडे बघत होती, आणि ज्या माणसाला ती जन्मभर पाठमोरा बघत आली तो तिला समोरून दिसत होता.

मग सबंध थंडी ते तसे बसले. आधी कसरत, मग तेल, मग दोरी, मग बसणं. जेवण तिथेच, दाढी तिथेच; न्हावी वर यायचा आणि एका बैठकीत दाढी पुरी झाली म्हणून हातातल्या वस्तऱ्याकडे बघत राहायचा. बाहेर धुकं पडलं, उठलं. तलावावरच्या ठेकेदाराचा मला फोन आला, "बाबूजी ठीक तो हैं? बगुला अकेला खड़ा रहता है." दाराच्या कोपऱ्यात गळाच्या काठीला धूळ बसली. संक्रांतीच्या सुमाराला आत्याचे शब्द एकेक करून परतले, अडखळत, जड होऊन. हात मात्र नाही. मला कधी कधी वाटायचं, यांना सांगावं की आता पुरे. डॉक्टर तर आधीच गप्प झाले होते. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की धीर व्हायचा नाही. पश्चिमेचा वारा असतानाही डबा न उघडता दुपारपर्यंत बसणारा माणूस तो, त्याला मी काय सांगणार होते?

होळी तोंडावर आली होती. ऊन चांगलं तापू लागलं होतं. आतोबांच्या हिशेबानं रोहू तळातून वर यायचे दिवस. रविवारी सकाळी मी पलंगाच्या पायथ्याशी मटार सोलत होते, आत्या डोळे मिटून पडली होती, आणि घुंगरू वाजलं. अगदी जरासं. वारा नव्हता, खिडकी बंद होती. मी ताटली टाकून उठले, मटार खोलीभर झाले, आणि आता ओरडणार तोच आतोबांनी पंजा वर केला.

"घाई नको. पहिल्यांदा नुसतं चाखून बघतो."

आम्ही थांबलो. आत्यानं डोळे उघडले. तिच्या कपाळावर आठ्या चढल्या, ओठ घट्ट झाले, आणि चादरीवरचं ते बोट हललं. या वेळी मला दिसलं. घुंगरू स्वच्छ वाजलं. आतोबांनी काही ओढलं नाही, धरलं नाही; ओल्या डोळ्यांनी त्या बोटाकडे बघत त्यांनी नमस्कार केला, तलावावर करतात तसा.

आत्या त्यांच्याकडे बघत होती. शब्द जुळवायला तिला वेळ लागतो, तेवढा वेळ लावून ती म्हणाली, "आता... उठलात... तरी चालेल."

तेवढ्यात खाली दूधवाल्यानं घंटी वाजवली. एकदा, मग पुन्हा. आतोबा जागचे हलले नाहीत. शेवटी मीच पातेलं घेऊन जिना उतरले, आणि शेजारच्यांचंही दूध घेऊन आले.