साठ ग्रॅमचं लेकरू

आमच्या शेजारच्या बाई निवृत्त अंगणवाडी सेविका. उंद्री या आमच्या खेड्यातल्या लेकरांच्या दोन पिढ्यांची वजनं त्यांनीच केलेली. माझी लेक पुण्याला शिकायला गेली आणि तिची बोटभर लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल, माझ्याकडे राहिली. काचेच्या पेटीत वाकून बघत बाई एवढंच म्हणाल्या, "वजन केलं काय हिचं?"

तेव्हापासून दर सोमवारी त्या येऊ लागल्या. चष्मा कपाळावर सरकवायच्या, पालीला डब्यात घालून स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवायच्या, "हालू नको वं माय," म्हणायच्या आणि आकडा वहीत लिहायच्या.

वर्षभरात पाल वीतभर झाली. मग तीन महिने काटा साठ ग्रॅमवरच थांबला. मी घाबरले.

"आजारी तं नाही ना हे?"

"काऊन भेता? शेपटी पाहा कशी गुबगुबीत हाय. वाढ पुरी झाली हिची. आता एवढीच राह्यते."

"मंग आता वजन कराचं काम नाही."

बाईंनी वही मिटली. मग हळूच म्हणाल्या, "लेकरू मोठं झालं म्हून त्याले पाहाले येऊ नये काय?"

पुढच्या सोमवारी मीच काटा पुसून ओट्यावर काढून ठेवला.