उन्ह दाखवलेल्या बरण्या

“उन्ह दाखवलं तं काय बिघडलं? तुरीले दाखवतो, गव्हाले दाखवतो, तुह्या पिठाले काऊन नाई?” जिन्याच्या तळाशी उभ्या राहून देवकाबाई ओरडत होत्या.

“आत्याबाई, ते किडे मारायचे नव्हते, जगवायचे होते!” नलू, त्यांची सून, गच्चीवरून ओरडली.

“धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी किडे जगवतेस? गिऱ्हाइकाले समजलं तं सेलूत तोंड दाखवता येईन का?”

भर मे महिना. तोंडाला मलमलीचं फडकं बांधलेल्या आठ बरण्या गच्चीवर. सहा तव्यासारख्या तापलेल्या. दोन पाण्याच्या टाकीच्या सावलीत होत्या, म्हणून वाचल्या.

नलू वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. घरी दर पंधरा दिवसांनी पीठ चाळायचं, लालसर किडे मोजायचे आणि अंडी-अळ्यांसकट ताज्या पिठात परत सोडायचे, यावर तिचा प्रबंध होता. दोन वर्षं प्रत्येक बरणीत आकडा दीडशेच्या आसपास. नागपूरचे मार्गदर्शक म्हणाले होते, “स्थिर झाला, लिहून टाका.” दिवाळीपर्यंत प्रबंध दिला तर नोकरी कायम, नाहीतर तिच्या जागी दुसरं कुणी.

नलूला ते पटत नव्हतं. मोठे किडे आपलीच अंडी खातात. किती घातली, किती खाल्ली, याचं गणित तिने वहीत कितीदा तरी मांडलं होतं. त्या गणितात दीडशेचा आकडा वर्षानुवर्षं हलत नसे, पण तो मुक्काम होता, घर नव्हतं. धक्का बसला की तो उठणार. नाही बसला, तरी कधीतरी उठणारच. फक्त ते अजून कुणी पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी, सगळे मेले समजून, ती सहाही बरण्या नालीत ओतायला निघाली. देवकाबाईंनीच हात धरला.

“थांब वो. जित्ते हायेत काही.”

प्रत्येकीत वीस-पंचवीस उरले होते. पुढच्या मोजणीला देवकाबाई न बोलावता मैद्याची चाळणी घेऊन बसल्या. गहू निवडण्यात जन्म गेलेला. नलूला तास लागे, तिथे त्या पंधरा मिनिटांत उरकत.

“अवो, पाय, किती अळ्या! खाणारे कमी झाले तं पोट्ट्यायची मजा झाली.”

ऑगस्टात त्या सहा बरण्यांत प्रत्येकी साडेतीनशे, सप्टेंबरात साठ, पुन्हा तीनशे. धक्क्याने उठलेला आकडा दीडशेवरून येई-जाई, थांबत मात्र नव्हता. सावलीतल्या दोन बरण्या दीडशेला धरून बसलेल्या.

दिवाळीच्या तोंडावर मार्गदर्शकांनी सांगितलं, “सासूबाईंनी बिघडवलेल्या सहा वगळा. दोनच धरा आणि ‘स्थिर’ लिहा. नाहीतर मी सही करणार नाही.”

रात्री जेवताना नलूने ते जसंच्या तसं सांगितलं.

“मंग नोकरी पक्की समजाची?” सासऱ्यांनी, सदाशिवरावांनी, भाकरी मोडत विचारलं.

“एका शब्दाचं तं काम हाये,” नवरा म्हणाला. “लिहून दे.”

“अन् माह्या सहा बरण्या?” देवकाबाईंचा घास हातातच राहिला. “पावसाळाभर डोळे फोडून मोजल्या त्या कायले?”

नलूने वरण वाढलं, पळी भांड्यात ठेवली.

“प्रबंध मी यंदा देत नाई. लिहीन तं आठही बरण्या लिहीन. त्या दोन आपल्या मनानं उठेपर्यंत मोजत राहीन. नोकरी गेली तं गेली. अन् आत्याबाई, पुढच्या मेमध्ये गच्चीवर काही ठेवायचं असलं तं आधी मले विचारजा.”