बावट्याचं सुतक

माझे वडील गावात देवमाणूस म्हणून ओळखले जायचे. देवमाणसाच्या घरात चार दिवस राहून बघा म्हणावं. गोवा मुक्त झाल्यावर मयेजवळच्या आमच्या गावात शाळा निघाली, तिचे ते हेडमास्तर. शाळेच्या कपाटाला धड दार नव्हतं, म्हणून शाळेचा तिरंगी बावटा आमच्या घरी पेटीत असायचा.

खाणीचे ट्रक तांबडी धूळ उडवत रस्त्यावरून सारखे जायचे. एका झेंडावंदनात बावट्याचा पांढरा पट्टा तांबडा व्हायचा. तो धुवायची माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला तसं सासरच्यांनी तिला भावाच्या दारात आणून सोडलं होतं. तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसा ती बावटा रिठ्याच्या पाण्यात धुवायची, उसवलेली कड शिवायची. झेंडावंदनाला मात्र तिला मज्जाव. "शुभकार्य आहे, तू समोर येऊ नकोस," वडील सांगायचे. आपण धुतलेला बावटा वर चढताना तिने कधीच पाहिला नाही.

शेवटी कापड इतकं विरलं की टाका धरेना. वडिलांनी ठरवलं, नियमाप्रमाणे, एकांतात, मानाने अग्नी द्यायचा. घरामागच्या कुळागरात, माडा-पोफळींच्या बागेत, सरपंच आणि दोन मास्तर तेवढे असतील. आत्याला कळलं तशी ती ओल्या हातांनीच त्यांच्यापुढे उभी राहिली.

"दादा, मी येव? लांब उभी रवान बघीन."

"नको." वडील घरातसुद्धा पुस्तकातलं मराठी बोलायचे.

"शुभकार्याक मी नको, ता समाजला. पण ह्या तर मयत मां?"

"मयताला बायका जात नाहीत."

झालं. शुभ असो की अशुभ, हिने आपलं आतच बसायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मला आज इतक्या वर्षांनीही हे लिहिताना वडिलांचा संताप येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

कुळागरातून धूर आला, मग थांबला. पुरुषमंडळी हातपाय धुऊन जेवणाची वाट बघत व्हरांड्यात बसली. आई स्वयंपाकघरात गेली तर चुलीत पाणी ओतलेलं. आत्या डोक्यावरून न्हाऊन, ओल्या केसांनी चुलीजवळ बसली होती.

"वन्सं, हे काय?"

"सुतक आसा. आज घरात चूल पेटाची नाय."

ती हे मोठ्याने बोलली, सरपंचांना ऐकू जाईल असं. वडील आत आले. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नसत.

"बरं. मग सुतक तुला एकटीला. मागच्या पडवीत बस, आणि कोणाला शिवू नकोस."

आईने मुकाट्याने राख उपसून चूल पेटवली. पाहुणे सोलकढी ओरपत पोटभर जेवले. ध्वजाचा मान राखावा तर हेडमास्तरांनी, असं सरपंच दोनदा म्हणाले. आत्याचा भात पत्रावळीवर, लांबून सरकवला.

सुतकाचे दिवस सरले तेव्हा आई पडवीत गेली. "वन्सं, आता आत या."

"माजा सुतक फिटूक नाय," आत्या म्हणाली.

मरेपर्यंत ती त्या पडवीतच जेवली. वडिलांनी तिला एकदाही आत बोलावलं नाही. घरभराची भांडी मात्र तीच घासायची. तिथे तिचं सुतक कोणाला आड आलं नाही.