उलटी भिंगे

रेल्वेच्या पार्सल कारकुनीतून निवृत्त झालेले भुजंगराव बदनापुरात स्टेशनमागील एका खोलीत एकटेच राहत. १९७४ च्या उन्हाळ्यात त्यांचा चष्मा मधोमध तुटला. दूरचे पाहण्याचा आणि वाचण्याचा असे दोन्ही नंबर त्याच्या एकेका गोल भिंगात होते. नवी चौकट महाग म्हणून त्यांनी तो बाजारातल्या घड्याळजीकडे दिला. त्याने भिंगे काढली, बारा आण्यांत डाख लावला आणि भिंगे परत बसवून दिली.

तेव्हापासून भुजंगरावांना ना वर्तमानपत्र वाचता येई, ना समोरचा रस्ता नीट दिसे. आपले डोळे गेले, असे त्यांनी मनाशी ठरवले. आता परभणीला लेकीच्या दारी ओझे होऊन पडावे लागणार, ही धास्ती त्यांनी आठ दिवस एकट्यानेच बाळगली.

रविवारी दाढीला बसले असता तातेराव न्हाव्याने त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि वस्तरा खाली ठेवला.

"बाबूजी, वाचायची चंद्रकोर खाली असती. तुमची तर भुवईला जाऊन बसली. भिंगं बिलकुल उलटी हायेत. आठ दिवसांत कुनी बोललं न्हाई?"

"बोलायला आधी कुनी तोंडाकडं पाहावं तर लागतं, तातेराव."

घड्याळजीने ओशाळून भिंगे फिरवून दिली. घरी येऊन भुजंगरावांनी वर्तमानपत्रातील बारीक अक्षरेही न अडखळता वाचली. मग त्यांनी लेकीला पोस्टकार्ड लिहिले: डोळे उत्तम आहेत, तिकडे काही काम नाही, तरी चार दिवस येऊन राहिलो तर चालेल काय?