धरणाच्या वाळूतली वाट

विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीसाठी शहर बंद होतं, म्हणून चितेगावच्या आमच्या कंपनीलाही सुट्टी होती. बाप आणि मी तिथंच कामाला. आदल्या दिवशी मोर्चात घोषणा देऊन त्याचा घसा बसला होता. तरी सकाळी सायकली काढून आम्ही नाथसागराकडं गेलो. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं, की धरणात बुडालेल्या आमच्या गावची जागा उघडी पडते. आता तिथं पक्षी अभयारण्य आहे.

वाळूत चाकं रुतायला लागली, तसे आम्ही सायकली ढकलत चालू लागलो. लांब पाण्यात रोहित पक्षी उभे होते. बाकी भिंत नाही, माणूस नाही. मधेच बाप थांबला आणि त्यानं चपला काढून हातात घेतल्या.

"इथं पाटलाचं घर व्हतं," तो बसक्या आवाजात म्हणाला.

त्या घरासमोरून आमच्या वस्तीतल्या कुणाला पायात चप्पल घालून जाता येत नसे. एका हातात चपला, दुसऱ्या हातानं सायकल, असा तो तापल्या वाळूतून अनवाणी पलीकडं गेला. सायकल दोनदा कलंडली. मला राग यायला पाहिजे होता. काहीच वाटलं नाही.

परतताना ती जागा जवळ आली, तशी मी त्याची सायकल माझ्याकडं घेतली, म्हणजे त्याला चपला नीट धरता येतील.